कोलारच्या खाणीतील शून्य

वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा, म्हणजे खडकातूनही सहसा न अडखळता आरपार जाणाऱ्या विद्युतभाररहित कणांचा, वेध जगात प्रथम कोणी घेतला, याची चर्चा १९६५ सालातील तारखांभोवतीच घोटाळत राहते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांचा कोलारच्या सोन्याच्या खाणीतील प्रयोगावरील निबंध ‘फिजिक्स लेटर्स’कडे १२ जुलैला पोहोचला, तर दक्षिण आफ्रिकेतील खाणीत प्रयोग करणाऱ्या फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे २६ जुलैला. राइन्स यांच्या उपकरणातील पहिली नोंद मात्र २३ फेब्रुवारीचीच होती. या वादाला अवाजवी महत्त्व मिळाले आहे, कारण कोलारचे खरे मोल त्याआधीच्या, वरकरणी निष्फळ वाटणाऱ्या एका मोजणीत आहे.

होमी भाभांनी १९५१ मध्ये बी. व्ही. श्रीकंतन यांना कोलारला धाडले ते म्यूऑन, म्हणजे खडकात खोलवर शिरणारे आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट वस्तुमानाचे अल्पजीवी कण, मोजण्यासाठी. पुढे ओसाकाचे साबुरो मियाके आणि मुंबईचे व्ही. एस. नरसिंहम् व पी. व्ही. रमणमूर्ती यांनी उपकरणे जवळजवळ पावणेतीन किलोमीटर खोल नेली, आणि तेथे सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन आढळला नाही. ज्यांना म्यूऑनच मोजायचे होते त्यांच्यासाठी हा शेवट होता. पण वरून येणाऱ्या कणांचा गलबला इतका शमलेली जागा न्यूट्रिनो शोधण्यास योग्य आहे, हे या शून्याने सिद्ध केले. अशी रिकामी नोंद मोलाची मानून पुढचा खर्च तिच्या आधारावर करण्याचे धैर्य टाटा संस्थेतील एम. जी. के. मेनन यांच्या गटाने दाखवले.

नव्या प्रयोगाची मांडणी भूमितीवर आधारलेली होती. तिरक्या वाटेने येणाऱ्या म्यूऑनला अधिक खडक भेदावा लागत असल्याने एवढ्या खोलीवर वातावरणातील म्यूऑन जवळपास उभ्या दिशेनेच पोहोचतात. म्हणून आडवा आलेला म्यूऑन आसपासच्या खडकात न्यूट्रिनोच्या आघातानेच जन्मलेला असला पाहिजे. त्यामुळे शोधक उभ्या भिंतींसारखे रचले गेले. कण गेल्याची वर्दी चकाकणारे प्लॅस्टिक देई आणि त्याची वाट निऑन वायू भरलेल्या काचनळ्यांच्या लखलखाटातून छायाचित्रावर उमटे. या नळ्यांच्या तंत्रात आर्नल्ड वुल्फेंडेल यांचा डरहॅमचा गट निष्णात होता.

निबंधावर तिन्ही संस्थांतील अकरा नावे आहेत. त्यामागे भारताच्या अणुऊर्जा खात्याचा निधी होता, सरकारी मालकीची खाण होती, आणि मियाके यांचे विद्यापीठ तर ओसाका शहराच्या पालिकेने चालवलेले होते. ही भागीदारी टिकली ती करारांपेक्षा परस्परांच्या गरजेमुळे, असेच या प्रयोगाची रचना सांगते. भारत-जपान सहकार्य पुढेही चालले आणि १९८० च्या दशकात प्रोटॉनचा क्षय शोधण्यासाठी १४० टनांचा शोधक कोलारमध्येच उभारला गेला. त्यातील संभाव्य नोंदींना इतरत्र दुजोरा मिळाला नाही. वातावरणीय न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात, याचा निर्णायक पुरावा १९९८ मध्ये जपानच्या कामिओका खाणीतून आला, तर कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली आणि तमिळनाडूतील नियोजित न्यूट्रिनो वेधशाळा २०१५ च्या मंजुरीनंतरही अडून राहिली.