चौसष्ट घरांच्या पोटातले ६४१

बुद्धिबळाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट करत जायचे, ही राजाकडे मागितलेल्या बक्षिसाची गोष्ट बहुतेकांच्या कानावर शाळेतच पडते. चरित्रकार इब्न खल्लिकानने ती तेराव्या शतकात लिहून ठेवली. दाण्यांची बेरीज अल् बिरूनीने त्याच्या आधीच केली होती. दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यानामे परार्धाशी संपतात, आणि ही रास भरते १८४ परार्धांच्या वर. दाणा ४० मिलिग्रॅमचा धरला, तर आजचे जगभरातले गव्हाचे पीक नऊशेहून अधिक वर्षे राजाला पुरवावे लागेल. राजा कर्जबाजारी, गोष्ट संपली.

खरे तर गंमत इथून पुढे सुरू होते.

ही संख्या म्हणजे दोनाचा ६४वा घात वजा एक. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने चौसष्ट वेळा १. बुद्धिबळ खेळणारे अनेक प्रोग्रॅम पटाच्या प्रत्येक घराला एक बिट देतात. सगळी घरे भरलेली दाखवायची, तर नेमकी हीच संख्या लिहावी लागते.

आता तिचे अवयव पाडू. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र लावले की तिचे दोन तुकडे होतात: दोनाचा ३२वा घात अधिक एक, आणि तोच घात वजा एक. वजा एकचा तुकडा पुन्हा तसाच फुटतो, आणि पुन्हा. शेवटी उरतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. या झाल्या फर्मा संख्या: दोनाचा घात अधिक एक, आणि घातांक दर वेळी दुप्पट. सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माला वाटे, या साच्यातली प्रत्येक संख्या मूळच असणार. पहिल्या पाच आहेतही.

सहावीने दगा दिला. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले की तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. तिचा अवयव असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हा नियम हाताशी असला की तपासायच्या मूळ संख्या अगदी थोड्या राहतात: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्याच ठोक्याला कुलूप उघडते! फर्मासारख्या माणसाने एवढी आकडेमोड केली नसेल, किंवा करताना चुकला असेल, याचे नवल वाटते.

उरलेल्या पाच मूळ संख्यांना भूमितीत मान मिळाला. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने सिद्ध केले की १७ समान बाजूंची सुसम आकृती केवळ पट्टी आणि कंपासने काढता येते. पुढे हर्मिस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीसाठी दहा वर्षे घातली. ते भलेमोठे हस्तलिखित गटिंगेन विद्यापीठात आहे. विषम बाजूंची सुसम आकृती अशी काढता यायची, तर बाजूंची संख्या मूळ फर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. या पाचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या आकृतींमध्ये आज माहीत असलेली बाजूंची सर्वांत मोठी विषम संख्या हीच. तिच्या पुढे जायचे तर नवी मूळ फर्मा संख्या हवी, आणि ६४१ ने फोडलेल्या त्या सहावीनंतर तपास पूर्ण झालेली एकही संख्या मूळ निघालेली नाही.