ग्रुप शंभर, ओळखी चार : सोशल मीडियाबद्दलचे सहा गैरसमज

लातूर-नांदेडकडच्या कुणाचाही मोबाइल उघडून बघा. दहावीच्या बॅचचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, शिक्षक बदल्यांचा ग्रुप, सोयाबीनच्या भावाचा ग्रुप आणि वर क्लासच्या नोट्सचं टेलिग्राम चॅनल. दिवसभर फोन वाजतच असतो. पण पोरगं इंजिनिअर होऊन घरी बसलं, की वडिलांचा प्रश्न जुनाच : "पुण्यात आपलं कुणी हाय का?" साधन खिशात आहे, पण ओळखी पाहुण्यारावळ्यांच्या पलीकडं जात नाहीत. त्याला काही पक्के गैरसमज कारणीभूत आहेत.

गैरसमज १ : काम होतं ते जवळच्या माणसांमुळंच.

वस्तुस्थिती : जवळची माणसं जीव लावतात, पण आपल्याला जे ठाऊक असतं, बहुतेक तेच त्यांनाही ठाऊक असतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं. जुजबी ओळखीच्या माणसाची ऊठबस वेगळ्या लोकांत असते, म्हणून नव्या कामाची खबर त्याच्याकडून येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याची मोठी पडताळणी प्रसिद्ध झाली. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांची पाच वर्षांची माहिती त्यासाठी तपासली होती, आणि जुजबी ओळखीच नोकरी मिळायला जास्त उपयोगी पडताना दिसल्या. मात्र ओळख अगदीच नावापुरती असली, तर फायदा पुन्हा घटतो. शिवाय हा फायदा डिजिटल कामाच्या क्षेत्रांत अधिक दिसला, तर बाकी क्षेत्रांत जवळचे संबंध जास्त कामाला आले. म्हणजे डाळ मिलमध्ये चिकटायचं तर मामाचा शब्द आजही चालेल. डेटाचं काम शोधायचं तर मामापेक्षा कॉलेजातला चार वर्षं पुढचा सीनियर बरा.

गैरसमज २ : लिंक्डइन म्हणजे फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : लिंक्डइन आता मराठीतूनही वापरता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपलीच माणसं तिथं बसलेली आहेत. नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून चालू आहे. चाळीसहून अधिक वर्षांत तिथून बाहेर पडलेली पोरं कुठं कुठं पोचली, हे शोधायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडायचं, माजी विद्यार्थ्यांचा विभाग निवडायचा, आणि शहर, कंपनी किंवा कामाचं स्वरूप टाकून चाळणी लावायची. त्याला पैसे पडत नाहीत. लातूरच्या कॉलेजांनाही हीच रीत लागू पडते.

आणि ही गोष्ट आयटीपुरती नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ऑनलाइन परदेशातल्या शिक्षकांशी आणि वर्गांशी नातं जोडलं, तिथल्या मुलांसाठी आभासी सहली घडवल्या. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांची शाळा महानगरात नव्हती.

गैरसमज ३ : मोठ्या माणसाला मेसेज टाकणं म्हणजे लाचारी, आणि टाकलाच तर सरळ नोकरी मागावी.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. असे दोन मेसेज शेजारी ठेवून बघा.

"हाय सर, मी फ्रेशर आहे. काही जॉब असेल तर प्लीज रेफर करा."

"नमस्कार सर. मी आपल्याच कॉलेजचा, इलेक्ट्रिकल शाखेचा, शेवटच्या वर्षाला आहे. सौर पंपाच्या कंट्रोलरवर प्रकल्प केला आहे. आपण याच क्षेत्रात आहात म्हणून विचारतो : या कामाला लागण्याआधी मी कोणतं एक सॉफ्टवेअर नीट शिकावं?"

पहिल्या मेसेजला उत्तर द्यायचं तर समोरच्यानं आपला सगळा इतिहास विचारायला हवा, आणि तेवढा वेळ कुणाकडं नसतो. दुसऱ्याला दोन ओळींत उत्तर देता येतं. शिवाय कोण विचारतंय, काय केलंय, माझ्याकडंच का आलाय, हे तिन्ही त्यात आलं. लिंक्डइनच्या मोफत खात्यातून मजकुरासह ओळख जोडण्याच्या महिन्याला मोजक्याच विनंत्या पाठवता येतात. त्या वाया घालवू नयेत.

गैरसमज ४ : शेतकऱ्याला ग्रुपचा काय उपयोग? तिथं नुसते गुड मॉर्निंग.

वस्तुस्थिती : ग्रुप कोण चालवतो, त्यावर ते ठरतं. सांगली जिल्ह्यातले कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले यांचा 'होय आम्ही शेतकरी' हा व्हॉट्सॲप-फेसबुकवरचा समूह याचं ठळक उदाहरण. पिकाचा फोटो टाकायचा आणि जाणकारानं उत्तर द्यायचं, हा त्याचा गाभा. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यात ती ओळखून नोंदवणाऱ्यांत चोरमुले होते.

आपल्याकडंही २०२२ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त केले, कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. अशा वेळी एका गावातला फोटो शेजारच्या गावाला सावध करतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाला टाकायची आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या, हा उपाय फोटो बघून लगेच करता येतो.

पण औषधाचं नाव आणि प्रमाण फॉरवर्डवरून घेऊ नये. ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या शिफारशीशी ताडून घ्यावं. खबर ग्रुपवरून घ्या, मात्रा तज्ज्ञाकडून.

गैरसमज ५ : जितकी चॅनल, तितका अभ्यास.

वस्तुस्थिती : परीक्षेच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'चा दबदबा झाला तो जादा तास आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षांमुळं. हजार पीडीएफ उतरवून घेणं म्हणजे सराव नव्हे. टेलिग्रामवर 'पेपर फुटलाय, पैसे पाठवा' म्हणणारेही कमी नाहीत. २०२५ च्या नीटआधी राष्ट्रीय परीक्षा संस्थेनं असे खोटे दावे करणारी १०६ टेलिग्राम आणि १६ इन्स्टाग्राम चॅनल हेरली होती.

शिकायचंच असेल तर २००३ पासून चालू असलेला आयआयटींचा एनपीटीईएल उपक्रम आणि २०१७ मध्ये आलेलं केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे दोन्ही खुले आहेत. व्याख्यानं फुकट असतात. प्रमाणपत्र हवं तर फी भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, म्हणूनच त्याला वजन आहे. सोशल मीडियाचा खरा उपयोग याच्या जोडीला होतो. तोच कोर्स करणारे चौघं गाठायचे, एक छोटा ग्रुप करायचा, आणि दर रविवारी कुणी काय सोडवलं ते दाखवायचं.

गैरसमज ६ : ओळखपत्र, लेटरहेड, व्हिडिओ कॉल सगळं होतं, म्हणजे कंपनी खरीच.

वस्तुस्थिती : हे सगळं बनावट करता येतं. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, लॅपटॉपची अनामत, काहीही मागितलं की तिथंच थांबावं. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. घरबसल्या लाइक मारून कमाई सांगणारी 'टास्क'ची कामंही याच जातीची. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर येतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. पैसे गेलेच तर लाजत बसू नये. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

यातल्या कशालाही दिवसभर ऑनलाइन राहावं लागत नाही. भावकीचे ग्रुप सोडू नका, नुसते म्यूट करा. आठवड्यातून एक तास बाजूला काढा : त्या आठवड्यात केलेलं एक काम फोटोसह मांडा, मग ते सर्किट असो, शाळेतला उपक्रम असो की शेतातला प्रयोग. मग आपल्या वर्तुळाबाहेरच्या एका माणसाला एक नेमका प्रश्न विचारा, आणि ज्यानं उत्तर दिलं, त्याला त्याचा काय उपयोग झाला हे महिनाभरानं कळवा. हा शेवटचा मेसेज फार थोडे जण पाठवतात, म्हणून तो पाठवणारा लक्षात राहतो.