बंदर नाही, उसंत नाही

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी सुटलेली क्रूझ बोट लक्षद्वीपच्या अगत्तीला पोचते ती तिसऱ्या दिवशी सकाळी. मधला अख्खा दिवस नुसतं पाणी. प्रवाशांना तो सुट्टीतलीही सुट्टी वाटतो: तलावात डुंबायचं, तंबोला खेळायचा, दुपारी ताणून द्यायची. बोटीवर राबणाऱ्यांसाठी मात्र सबंध फेरीतला सर्वांत जड दिवस हाच. बंदराच्या दिवशी निम्मी माणसं किनाऱ्यावर फिरायला जातात, तिकडेच काहीबाही खातात. आज कुणी कुठंच जाणार नाही. सगळे इथंच खाणार, इथंच भिजणार, इथंच पसारा करणार. परवानगी काढून मी तो दिवस खालच्या डेकवर, काम करणाऱ्यांच्या सोबत काढला.

खाली उतरलं की गालिचे संपतात. बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी एक लांबलचक पोलादी बोळ लागते. अनेक क्रूझ बोटींवर तिला ‘आय-९५’ म्हणतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या महामार्गावरून. ट्रॉल्या, चादरींचे गठ्ठे, भाज्यांचे क्रेट सगळं इथूनच पळतं. एका भिंतीवर कामाच्या पाळ्यांचे तक्ते लावलेले असतात आणि येता-जाता प्रत्येक जण त्यावर नजर टाकून जातो.

सकाळी सातला गॅलीतून, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातून, नाश्ता बाहेर जात होता आणि दुपारच्या जेवणाची चिरणी केव्हाच सुरू झाली होती. इथं गॅस नसतो. समुद्रात आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नाही, म्हणून उघडी ज्योत नाहीच, सगळं विजेवर. मग फुलका आचेवर टाकायचा कसा? इथला आचारी तो तापल्या पत्र्यावरच फडक्यानं कडा दाबत दाबत फुगवतो. हात भाजत नाही का विचारलं, तर त्यानं नुसतं हसून बोटं दाखवली. शेगड्यांभोवती पोलादी कठडे, बोट कलली तरी पातेलं घसरू नये म्हणून. आमटीचं पातेलं काठोकाठ कधीच भरत नाहीत. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली कलती पाती असतात. ती डोलणं बरंचसं मारतात, पण समोरून लाट आली की नाक वर-खाली होणारच, आणि त्या वेळी आचारी कामात खंड न पाडता गुडघे किंचित वाकवून उभा राहतो. मला ते दिवसभर जमलं नाही.

मुंबईहून निघालेल्या बोटीवर जैन प्रवासी बरेच. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, वेगळी भांडी, वेगळी पातेली. शिवाय त्यांतल्या अनेकांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. म्हणून गॅलीतल्या फळ्यावर आजच्या सूर्यास्ताची वेळ लिहिलेली होती आणि दुपारचं जेवण आवरतं न आवरतं तोच ती पंगत मांडायला घेतली.

धुलाईघर त्याच्याही खाली. तिथं उकाडा इतका की बोलायलाही दम लागतो. ओले टॉवेल, चादरी, टेबलांची कापडं, वेटरांचे गणवेश यांचा ओघ थांबत नाही. सिंधुदुर्गातले एक काका तिथं बरीच वर्षं आहेत. वाळवण्याच्या यंत्राच्या जाळीत अडकलेला धाग्यांचा मऊ पुंजका त्यांनी काढला, माझ्या हातावर ठेवला आणि वहीत वेळ लिहून सही केली. हा पुंजका ठिणगीनंही पेटतो. जाळी साफ करून नोंद ठेवली नाही तर बोट धोक्यात. यंत्राच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये ते म्हणाले, “ताई, आज बंदर नाय. बंदर नाय तर उसंतय नाय.” आणि लगेच पुढच्या गठ्ठ्याकडे वळले.

एवढं धुवायला पाणी कुठून येतं? बोट ते स्वतः बनवते, तेही चालता चालता. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी तापतं. त्याच उष्णतेवर हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत समुद्राचं पाणी उकळतात. दाब कमी म्हणून १०० अंश लागत नाहीत, साधारण निम्म्यावरच वाफ धरते. ती थंड केली की गोडं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून ते बेचव लागतं आणि नळांनाही खातं. मग त्यात खनिजं आणि क्लोरीन घालतात. बंदराजवळच्या गढूळ पाण्यात हे करत नाहीत. त्यामुळे टाक्या भरून घ्यायच्या त्या खुल्या समुद्रातच.

बारा वाजता कप्तानाची घोषणा झाली: वेग, वारा, अक्षांश. अक्षांश साधारण १५ उत्तर. पणजी १५ अंश ३० मिनिटांवर. म्हणजे गोवा डाव्या हाताला, क्षितिजापलीकडे. खालच्या मेसमध्ये जेवणाऱ्या गोव्याच्या पोरांनी आकडा ऐकला आणि त्यांतला एक उठून डाव्या बाजूच्या गोल खिडकीशी गेला. दिसत काहीच नव्हतं. फोनला रेंजही नव्हती. गोव्याच्या गावागावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटींवर गेली. मुंबईत धोबीतलावला त्या त्या गावाच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक बिऱ्हाडं, असायच्या, तिथं तारवटी, म्हणजे खलाशी, पेटी बाळगून बोटीची वाट बघत राहायचे. आता पेटीऐवजी चाकांची बॅग आहे. पण घरासमोरून जाऊन घरी न जाणं तेच आहे.

केबिनची सफाई करणाऱ्यांचा पेच आणखी वेगळा. बंदरात खोल्या रिकाम्या होतात, काम सरळ उरकतं. आज लोक खोलीतच लोळत असतात, दारावर ‘व्यत्यय नको’ची पाटी. एक मुलगी नाश्त्याच्या वेळी कोण बाहेर पडतंय यावर लक्ष ठेवून एकेक खोली गाठत होती. संध्याकाळी नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू झाला की उरलेल्या खोल्यांवर पुन्हा तशीच धावपळ.

कचऱ्याच्या खोलीत काच, पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक हातानं वेगळं करतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बारीक दळलेलं अन्न किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडायला मुभा आहे. प्लास्टिक मात्र कितीही दूर गेलं तरी समुद्रात टाकता येत नाही. काय सोडलं, किती, कुठं, किती वाजता, हे सारं वहीत चढतं. वरच्या डेकवर लोक स्ट्रॉ सोडून उठतात, ती इथं कुणाच्या तरी हातात येते.

खलाशांच्या श्रमांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला. दर २४ तासांत किमान १० तास विश्रांती, फार तर दोन तुकड्यांत, त्यातली एक सलग ६ तासांची. त्या १० तासांतच जेवायचं, स्वतःचे कपडे धुवायचे, घरी बोलायचं आणि झोपायचं. नोकरीचा करार सहा-नऊ महिन्यांचा, अख्खा मोकळा दिवस त्यात क्वचितच. हे मला अपुरं वाटतं. या माणसांच्या झोपेवर शेकडो कुटुंबांची सुरक्षितता उभी आहे, आणि तिकिटाच्या पैशांत त्या झोपेचाही हिशेब धरलेला असायला हवा.

रात्री वर संगीत चालू असताना खाली उद्याची तयारी लागली होती. अगत्तीला एवढी मोठी बोट लागेल असा धक्का नाही. ती प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबते आणि माणसं छोट्या होड्यांतून बेटावर जातात. होड्या लवकर लागणार म्हणून नाश्ता लवकर, म्हणून बेकरीची पाळी रात्रीच सुरू. धुलाईघरातले काका किनाऱ्यावर न्यायचे टॉवेल मोजून शिडीच्या दाराशी रचत होते. उद्या ते वाळू भरून परत येतील. वाळू यंत्रात गेली तर गाळण्या तुंबतात, म्हणून एकेक हातानं झटकावा लागणार. काकांनी त्यासाठी दोन माणसं जास्तीची मागितली होती. तक्त्यावर एकच मिळाला होता.