प्रकाशच्या नावानं बुजलेले खड्डे

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड हा मुंबईतला अतिशय वर्दळीचा रस्ता. २८ जुलै २०१५ रोजी सोळा वर्षांचा प्रकाश बिल्होरे या रस्त्यानं चुलतभावाच्या दुचाकीवर मागे बसून चालला होता. पावसाचं पाणी साचल्यानं समोरचा खड्डा दिसलाच नाही. गाडी आदळली, दोघंही फेकले गेले. पुढे बसलेल्या भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो वाचला. प्रकाश गेला.

त्याचे वडील दादाराव बिल्होरे अंधेरीच्या मरोळ भागातले भाजीविक्रेते. हातावर पोट असलेला हा बाप काही दिवसांनी फावडं घेऊन रस्त्यावर उतरला. बांधकामाच्या जागेवर उरलेली वाळू, खडी, पेव्हर ब्लॉकचे तुकडे गोळा करायचे, पोत्यात भरून न्यायचे आणि दिसेल तो खड्डा बुजवायचा, हे त्यांनी व्रतासारखं धरलं. एकटा माणूस खड्डा भरताना पाहून येणारेजाणारे थांबू लागले, हात लावू लागले. २०१८ मध्ये देशोदेशीच्या वृत्तसंस्थांनी त्यांची दखल घेतली, तेव्हा तीन वर्षांत जवळपास ६०० खड्डे बुजवून झाले होते. ‘पॉटहोल दादा’ हे नाव लोकांनीच दिलं. मुलाच्या नावानं प्रकाश बिल्होरे फाउंडेशन उभं राहिलं.

पोटचं पोर गेलेल्या आईबापांनी पाणपोई बांधावी, शाळेत खोली बांधून द्यावी, अन्नदान करावं, ही आपल्याकडची जुनी रीत. ती मोलाचीच आहे. दादारावांचं काम मला त्याही पुढचं वाटतं, कारण ज्या कारणानं मुलगा गेला त्या कारणावरच त्यांनी घाव घातला.

दिल्लीतही असंच घडलं. २००७ मध्ये पीयूष तिवारी यांचा नात्यातला शाळकरी भाऊ शिवम रस्त्यावर अपघातात जखमी होऊन पडला होता. बघे जमले, पण पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून कुणी त्याला दवाखान्यात नेलं नाही. तोही गेला. पुढच्याच वर्षी तिवारी यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं. या संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जखमींना मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये आलं. याच संस्थेनं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही काम केलं. तिथे २०१६ मध्ये १५१ माणसं दगावली होती, २०२० मध्ये ६६. टाळेबंदीचं साल म्हणून थोडी सूट दिली तरी हा फरक लहान नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. जिंतूर तालुक्यातल्या येलदरीला पूर्णा नदीवरचं धरण आहे. भरल्यावर दहा दरवाजे उघडतात तेव्हा ते पाहायला दुचाकीवर तिघं-तिघं बसून पोरं येतात, बहुतेकांच्या डोक्यावर काही नसतं. हंगामात त्याच वाटेनं उसाच्या ट्रॉल्या धावतात. शिवाय खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या डांबराला चीर पडली की पाणी आत मुरतं, खालचा थर मऊ होतो आणि चाकांच्या दाबानं डांबर उखडतं. मराठवाड्यातले रस्ते फार लवकर का खचतात, त्याचं मोठं कारण पायाखालीच आहे.

अशा खड्ड्यात नुसता मुरूम ओतला तर तो पहिल्या सरीबरोबर वाहून जातो. आधी सुटी माती आणि पाणी उपसायचं, पहारीनं कडा सरळ उभ्या करायच्या, मग खडी थराथरानं भरून प्रत्येक थरावर धुम्मस मारायची आणि वरचा थर रस्त्याहून किंचित उंच ठेवायचा. दोन्ही बाजूंना लाल फडकं घेऊन एकेक माणूस उभा हवाच. हे काम बिनपरवानगी करू नये, आणि ही डागडुजी तात्पुरतीच असते.

आपण खड्डा भरला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. बुजवण्याआधी तारखेसह फोटो काढा. रस्ता राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावचा असेल तर जिल्हा परिषदेकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्येच म्हटलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. ती भरपाई मागताना फोटो आणि पोच पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

येलदरीत, जिंतुरात गणेश मंडळं आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत. वर्गणीतला थोडा भाग धुम्मस, पहारी आणि घमेल्यांसाठी राखून ठेवा. पावसानं उघडीप दिली की एक रविवार त्यासाठी द्या. आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करा, थांबा, दवाखान्यात न्या. कायद्यानं तुम्हाला नावसुद्धा सांगण्याची सक्ती नाही.