हाताने लिहिलेली क्षमा

श्रावण निम्मा सरला की आपल्या घरांतून पर्युषणाची चाहूल लागते. कोणी अठ्ठाई करणार, प्रवचनाला कोणी जायचे, त्या वेळात दुकान कोणी सांभाळायचे, याची आखणी होते. क्षमापनेचा संदेश मात्र शेवटच्या दिवशी, तोही तयार चित्रावर बोट ठेवून, तीनशे जणांना एकाच वेळी रवाना होतो. पाठवणाऱ्याने कोणाचे नाव घेतलेले नसते आणि मिळणाऱ्याला आपले नाव सापडत नाही. बँकेतील सदतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. प्रत्येक खात्याची नोंद स्वतंत्र असते. सर्व खात्यांवर एकच शेरा मारून वर्षअखेर साधत नाही.

म्हणून गेली तीन वर्षे मी व माझी आठ वर्षांची नात क्षमापनेची शुभेच्छापत्रे घरीच तयार करतो. या उद्योगातील आनंद मला निवृत्तीनंतर गवसला. वाचकांनीही तो घ्यावा, यासाठी हा लेख.

परंपरा आपलीच आहे

शुभेच्छापत्र म्हणजे विलायती प्रथा, असा सर्वसाधारण समज आहे. छापील नाताळपत्र लंडनमध्ये १८४३ साली निघाले, हे खरे. परंतु चितारलेले क्षमापत्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. श्वेतांबर संघ चातुर्मासासाठी आचार्यांना निमंत्रण धाडत, ते विज्ञप्तिपत्राच्या रूपाने. लांबच लांब कागदी पट आणि त्यावर अष्टमंगल, त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, गावाची मंदिरे, रस्ते, बाजारपेठ! आपल्या दुकानांत बसलेले व्यापारीसुद्धा त्यांत चितारलेले दिसतात. चित्रांनंतर मजकूर येई आणि त्यात वर्षभरातील अपराधांची क्षमा मागितलेली असे. आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले १६१० सालचे विज्ञप्तिपत्र उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगविले होते. आपल्या पूर्वजांनी क्षमा मागताना कागद, रंग आणि वेळ यांत काटकसर केली नाही, एवढे तरी आपण मुलांना सांगावे.

साहित्य निवडताना

हातकागद सुती चिंध्यांपासून बनतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पुण्याची हातकागद संस्था आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही आपल्या राज्यातील जुनी नावे. २२ × ३० इंचांच्या एका तावातून १० × ७ इंचांचे नऊ तुकडे निघतात. मधोमध घडी घातली की नऊ पत्रे तयार. उरलेल्या पट्टीतून पोथीच्या खुणा कापाव्यात. कागद २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर जाडीचा असेल, तर एका पत्राचे वजन सुमारे नऊ ग्रॅम भरते. घडी सरळ यावी म्हणून रिफिल संपलेले बॉलपेन पट्टीच्या कडेने दाबून ओढावे व मग कागद दुमडावा.

अहिंसेचा धडा येथे पुस्तकाविना मिळतो. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. म्हणून आम्ही गव्हाच्या पिठाची खळ शिजवतो. कुंचला खारीच्या वा डुकराच्या केसांचा नसून नायलॉनचा आहे ना, हे नात दुकानदाराला स्वतः विचारते. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. पाकिटावर लाखेची मोहर उमटवण्याची हौस मला बँकेमुळे होती. परंतु लाखही किड्यांचीच, तेव्हा ती हौस बाजूला राहिली.

शाळेत बटाट्याचे ठसे शिकवले होते. नातीने विचारले, "आजोबा, आपण बटाटा खात नाही, मग ठशाला तरी चालेल का?" या प्रश्नावर घरात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी तिच्या आजीने भाजी चिरताना टाकून दिलेले भेंडीचे देठ पुढे केले. रंगात बुडवून उमटवले की पाच पाकळ्यांचे फूल कागदावर उतरते. पहाटे अंगणात गळून पडलेल्या पारिजातकाचे देठ कोमट पाण्यात ठेवले की केशरी रंग सुटतो. फूल तोडावे लागत नाही, हे विशेष. ही कामे पर्युषणापूर्वीच उरकावीत, म्हणजे व्रताच्या दिवसांत धांदल होत नाही.

नऊ नावे

पत्रे नऊच असल्याने नावेही नऊच निवडावी लागतात. या मर्यादेतच सगळे मर्म आहे. गेल्या वर्षी नातीचे पहिले पत्र वर्गातील मैत्रिणीसाठी होते. झोपाळ्याच्या पाळीवरून दोघींचा अबोला होता. दुसरे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना. "मी त्यांच्यावर ओरडले होते," एवढेच कारण तिने सांगितले.

नववे पत्र उरले तेव्हा ती म्हणाली, "पेठेतल्या मोठ्या आजोबांना कोण पाठवणार?" ते माझे थोरले चुलतभाऊ. वडिलोपार्जित गाळ्याच्या वाटणीनंतर नऊ वर्षे दोन्ही घरांत बोलणे नव्हते. दोष कोणाचा, याचा हिशेब दोन्हीकडे वेगवेगळा आहे आणि तो येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. सुनेने माझ्याकडे पाहिले. मी नातीला पत्ता सांगितला. तिने आपल्या वळणात लिहिले : "मी तुमच्या घरी कधीच आले नाही. मिच्छा मि दुक्कडम्."

उत्तर आले नाही. परंतु दिवाळीत, महावीर निर्वाणाच्या सकाळी मंदिराच्या पायरीवर भावाने तिला नावाने हाक मारली आणि विचारले, "पत्रावरचे फूल कसले गं?" "भेंडीचे!" ती म्हणाली. ते हसले, मला नुसती मान हलवली. एवढेच घडले. दोन वर्षे खातेदाराचा व्यवहार झाला नाही, तर बँक त्या खात्याला निष्क्रिय ठरवते. आमच्या खात्यात नऊ वर्षांनी एक नोंद पडली. शिल्लक जुळायला अजून अवधी आहे.

मोठ्यांसाठी दोन शब्द

मुलांच्या हातातील कुंचला आपण घेऊ नये. ठसा वाकडा आला तर येऊ द्यावा. रोज अर्धा तास, असे तीन-चार दिवस पुरेत. त्याहून अधिक बसवले तर आनंदाची शिक्षा होते. मजकूर मुलाने स्वतः लिहावा आणि त्यात निदान एक वाक्य त्या व्यक्तीपुरतेच असावे. श्वेतांबर घरांत 'मिच्छा मि दुक्कडम्', दिगंबर घरांत 'उत्तम क्षमा'. शब्द परंपरेप्रमाणे लिहावेत, त्यांचा अर्थ मात्र मुलाला आधी समजावून सांगावा. 'माझे दुष्कृत्य मिथ्या होवो' हा अर्थ आठ वर्षांच्या मुलाला नीट कळतो, असा माझा अनुभव आहे.

यंदा एक ताव आणावा. आठ नावे घरातील सर्वांनी मिळून ठरवावीत. नववे नाव मुलाला सुचवू द्यावे आणि त्याने पत्ता विचारला, तर तो सांगावा.