वऱ्हाडातील हिवाळी गारपीट : कारणे आणि कृषिजीवनावरील परिणाम

प्रस्तावना :
अमरावती व अकोला या जिल्ह्यांत हिमवर्षाव होत नाही. तथापि, हिमालयात बर्फ पाडणाऱ्या हवामान प्रणालीचाच प्रभाव हिवाळ्याच्या अखेरीस वऱ्हाडात गारपिटीच्या रूपाने अनुभवास येतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ आणि फेब्रुवारी २०१८ मधील गारपीट ही त्याची ठळक उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात या आपत्तीची कारणे व तिचे शेतीवरील परिणाम यांचे विवेचन केले आहे.

गारपिटीची प्रक्रिया :
भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणाऱ्या हवेच्या विक्षोभांना 'पश्चिमी विक्षोभ' असे म्हणतात. त्यांच्यामुळे काश्मीर व हिमाचल प्रदेशात बर्फ पडतो. काही वेळा या विक्षोभांशी निगडित थंड हवेचा पट्टा दक्षिणेस मध्य भारतापर्यंत पसरतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून बाष्पयुक्त वारे विदर्भात आले, तर खाली उष्ण व दमट आणि वर थंड व कोरडी हवा अशी अस्थिर स्थिती निर्माण होते. दुपारच्या उन्हाने तापलेली हवा वेगाने वर जाऊन उंच गडगडाटी ढग तयार होतात.

या दिवसांत सुमारे ४ किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशावर येते. त्या पातळीच्या वर शून्याखालील तापमानातही न गोठलेले जलबिंदू असतात. ते हिमकणांवर आदळून गोठतात व गार थरांनी वाढत जाते. ऊर्ध्वगामी वाऱ्यास तिचा भार पेलेनासा झाला की ती खाली कोसळते. पावसाळ्यात ही गोठण पातळी अधिक उंचावर असल्याने बहुतेक गारा वाटेतच वितळतात.

शेतीवरील परिणाम :
गारपिटीची हानी केवळ गारांच्या आकारावर अवलंबून नसते. पिकाची अवस्था तितकीच निर्णायक ठरते. फेब्रुवारीत हरभरा घाट्यांनी भरलेला व गहू ओंबीवर असतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त असल्याने हरभरा मुख्यतः जमिनीतील ओलाव्यावर घेतला जातो. तो झोडपला गेल्यास त्या हंगामात दुबार पेरणीस वाव उरत नाही.

वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार व अकोट या भागांतील संत्रा बागांची स्थिती अधिक नाजूक असते. मृग बहाराची फळे याच सुमारास तोडणीस येतात, तर आंबिया बहाराच्या बागा फुलोऱ्यात अथवा बारीक फळधारणेत असतात. त्यामुळे एकच गारपीट एका बागेतील तयार फळ आणि शेजारच्या बागेतील पुढील उत्पन्न हिरावून नेते. फांद्यांच्या जखमांतून बुरशीचा शिरकाव होत असल्याने झाडाचे नुकसान त्या वर्षापुरतेच राहते असे नाही.

शासकीय उपाययोजना व मर्यादा :
२०१४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी १०,०००, बागायतीसाठी १५,००० आणि फळबागांसाठी २५,००० रुपये मदत जाहीर केली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मदतीसाठी आवश्यक नुकसानीची मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीचा समावेश स्थानिक आपत्तीत करून नुकसानीची सूचना सुरुवातीला ४८ तासांत आणि २०१८ पासून ७२ तासांत देण्याची तरतूद करण्यात आली. मात्र पंचनाम्यात प्रामुख्याने त्या हंगामातील पीक मोजले जाते. झाडाच्या जखमेचे उशिरा दिसणारे परिणाम त्यात पुरेसे उतरत नाहीत.

समारोप :
विक्षोभाच्या आगमनाचा अंदाज काही दिवस आधी देता येतो. परंतु गार नेमक्या कोणत्या गावी पडेल, हे रडारच्या साहाय्याने फार तर काही तास आधीच कळू शकते. म्हणून पहिली सूचना मिळताच काढणीयोग्य हरभरा व मृग बहाराची फळे सुरक्षित करणे, गारपिटीनंतर मोडक्या फांद्या छाटून बोर्डो मिश्रणाचा वापर करणे आणि फळबागांचे पंचनामे काही महिन्यांनी पुन्हा तपासणे, या तीन बाबी आवश्यक ठरतात. गार रोखणे माणसाच्या हाती नाही. तिची झळ किती काळ टिकावी, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे.