घराचे वर्ष कधी संपते?

मराठी कुटुंबाच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा घ्यायचा झाल्यास पहिली अडचण आकड्यांची नसून तारखेची असते, कारण या घरात वर्ष एकदाच संपत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे वर्ष डिसेंबरअखेर संपते. पंचांगातले शालिवाहन शकाचे वर्ष फाल्गुन अमावास्येला सरून चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला, नवे लागते. गुजराती व्यापारी परंपरेशी नाते असलेल्या पेढ्यांचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलते. पगार आणि प्राप्तिकर यांचे वर्ष ३१ मार्चला मिटते. आणि मुलांचे वर्ष जूनमध्ये, नव्या दप्तराबरोबर आणि बहुधा मोठ्या भावंडाच्या जुन्या गणवेशाबरोबर, सुरू होते. शेती असलेल्या घराला यात आणखी एका वर्षाची भर पडते. सातबाऱ्याचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे हे सांगणारा गाव नमुना सात आणि तिच्यात कोणते पीक उभे आहे हे सांगणारा गाव नमुना बारा यांचा जोड कागद, ज्या महसुली वर्षाला धरून चालतो ते १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते.

ही वर्षे योगायोगाने वेगवेगळी झालेली नाहीत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत सर्रास आढळणारा सुहूर सन सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशाबरोबर बदलत असे आणि म्हणून त्याला मृगसाल असेही नाव पडले. शेतकऱ्याची पेरणी आणि सरकारची वसुली यांचे गणित एकाच पावसावर बेतलेले असल्याने वर्षाचा आरंभही त्या पावसाच्या तोंडाशी असणे सोयीचे होते. एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष मात्र येथील मातीतून उगवलेले नाही. १८६७ पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानचे हिशेबी वर्ष १ मे ते ३० एप्रिल असे होते आणि ते इंग्लंडच्या सरकारी वर्षाशी जुळावे एवढ्यासाठी त्या साली एक महिना मागे ओढले गेले. आजही मार्चअखेर घरोघरी विम्याच्या पावत्या आणि भाड्याच्या चिठ्ठ्या शोधताना होणारी धावपळ त्या जुन्या सोयीचीच देणगी आहे. घराचे वर्ष कधी संपते, हा प्रश्न त्यामुळे वरकरणी पंचांगाचा वाटला तरी मुळात तो हिशेब कोणाच्या हाती आहे याचा प्रश्न आहे.

गुढीपाडव्याचेच उदाहरण घेता येईल. त्या दिवशी पंचांगातील संवत्सरफल वाचण्याची प्रथा आहे. साठ संवत्सरांच्या चक्रातील प्रत्येक वर्षाला स्वतंत्र नाव असते आणि त्या नावाच्या वर्षात पाऊस, धान्य व भाव कसे राहतील याचे भाकीत त्यात केलेले असते. शके १९४८ च्या संवत्सराचे नाव ‘पराभव’ असे आहे, आणि तरीही त्याच्या स्वागताला गुढ्या उभारल्या जातात, यावरून नावाकडे दुर्लक्ष करण्याची घराची जुनी सवय लक्षात यावी. परंतु मराठवाड्यात याच पाडव्याला आणखी एक व्यवहार होत आला आहे. वर्षाच्या बोलीवर मोठ्या शेतकऱ्याच्या शेतात राबणाऱ्या गड्याला सालगडी म्हणतात, आणि त्याचे साल पाडव्याला संपून पाडव्यालाच नव्याने ठरते. खानदेशात तोच माणूस सालदार म्हणून ओळखला जातो आणि त्याचा करार अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिकडच्या आखाजीला होतो. एकाच सणाच्या दिवशी एका घरात संवत्सरफल ऐकले जाते, तर त्याच घरी राबणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचे पुढचे बारा महिने ओट्यावर बसून ठरवले जातात, आणि दुसऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने खरे संवत्सरफल तेच असते.

कुटुंबाच्या वर्षाची पद्धतशीर मोजणी महाराष्ट्रात प्रथम ज्यांनी केली त्यांत पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांचे नाव घ्यावे लागते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांनी केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जमिनीचा कस आणि पिके यांची नोंद तर आहेच, पण त्याहून मोलाची आहे ती घराघरांच्या जमाखर्चाची विभागणी. मान यांनी कुटुंबांचे तीन गट पाडले: ज्यांचे वर्ष स्वतःच्या जमिनीवर निभते ती, ज्यांचे जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड दिल्यावर निभते ती, आणि दोन्ही जमेस धरूनही ज्यांचे निभत नाही ती. तिसरा गट सर्वांत मोठा निघाला. त्याचे कारणही त्यांनी आकड्यांनिशी मांडले. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते, आणि १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते, त्यांपैकी ४६३ तर एका एकराहूनही लहान होते. प्रत्येक पिढीत घर वाढत होते, माणसे वाढत होती, आणि नेमक्या त्याच वाढीमुळे प्रत्येकाच्या वाट्याची जमीन आटत होती. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग झाले असून जेथे ते तुकडे होते तेथे बहुमजली गृहसंकुले उभी आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या घरांचे वर्ष पावसावर नव्हे तर गृहकर्जाच्या मासिक हप्त्यावर मोजले जाते. मान यांची तीन गटांची कसोटी मात्र तेथेही लावून पाहण्यासारखी आहे, कारण एकाच्या पगारात निभणारे, दोघांच्या पगारात निभणारे आणि दोघांच्या पगारातही न निभणारे असे गट पाडले तर ते सहज पडतील.

कुटुंब पुढे सरकले की नाही हे ओळखण्याची आणखी एक कसोटी जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडली. उत्पन्न वाढते तसा अन्नावरचा खर्च रकमेने वाढला तरी एकूण खर्चातील त्याचा वाटा घटत जातो, असे हे तत्त्व आहे; साध्या भाषेत सांगायचे तर वाण्याचे बिल पगाराचा किती भाग खाते यावरून घराची स्थिती कळते. भारतातील सरकारी उपभोग-खर्च पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबांचा सुमारे ५९ टक्के खर्च अन्नावर होत असे, तो २०२२-२३ मध्ये ४६ टक्क्यांच्या आसपास आला. शहरांत तो ४८ वरून ३९ टक्क्यांवर उतरला. ही प्रगती खरी आहे. तरी मोकळा झालेला पैसा कोठे गेला हा प्रश्न उरतोच, आणि शिकवणीची फी, दवाखाना, मोटारसायकलचे पेट्रोल व मोबाइलचे रिचार्ज यांच्याकडे बोट दाखवल्यावर त्यातला किती भाग इच्छेचा आणि किती नाइलाजाचा हे टक्केवारीवरून सांगता येत नाही.

मराठी भाषेने वाढीविषयी काही सूचक गोष्टी जपून ठेवल्या आहेत. जन्मतिथीला मराठीत ‘वाढदिवस’ म्हणतात, म्हणजे जन्माच्या आठवणीपेक्षा त्यानंतर झालेल्या वाढीला येथे महत्त्व आहे. ताटात अन्न घालणे हेही ‘वाढणे’च. परंतु बांगडी फुटली की ती ‘वाढवली’, नारळ फोडायचा तर तो ‘वाढवायचा’. अशुभ शब्द टाळण्यासाठी भाषेने तुटण्यालाही वाढीचेच क्रियापद दिले आहे. घरात वाढीची खरीखुरी मोजदाद होते ती मात्र लहान मुलाची. जन्मावेळी साधारण तीन किलो असलेले मूल पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाचे होईतो तिप्पट वजनाचे होते. पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढणारी त्याची उंची दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्म्यानेच वाढते आणि पुढे वर्षाला पाच ते सात सेंटिमीटरवर स्थिरावते. हा वेग मंदावणे म्हणजे आजार नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी सेविका मुलाचे वजन ज्या वृद्धिपत्रकावर मांडते, त्यातील रेषाही वर जाताना वाकत जाते आणि सेविका बघते ती रेषेची उंची नव्हे तर तिची दिशा. एका महिन्याचे वजन एकटे काहीच सांगत नाही. घराच्या प्रगतीचे लक्ष्य दरवर्षी गेल्या वर्षाच्या सव्वापट ठरवणाऱ्या हौशी नियोजकांना हे वृद्धिपत्रक दाखवायला हरकत नाही.

लक्ष्य ठरवण्याची रीतही बदलली आहे. पूजेच्या आरंभी सोडला जाणारा संकल्प हा मुळात एका व्यक्तीचा निश्चय नव्हता. त्यात स्थळ, संवत्सर, अयन, ऋतू, मास व तिथी यांचा उच्चार करून यजमान जे मागत असे ते सहकुटुंब सहपरिवार मागत असे, आणि मागण्यांच्या यादीत क्षेम व स्थैर्य यांचा मान ऐश्वर्याच्या आधी येत असे. परंपरेने योग म्हणजे नसलेले मिळवणे आणि क्षेम म्हणजे असलेले राखणे असा भेद केला आहे, आणि आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतील मुख्यालयाला ‘योगक्षेम’ हे नाव आहे ते या जोडशब्दावरूनच. १ जानेवारीला केल्या जाणाऱ्या आजच्या संकल्पात योग भरपूर असतो: वजन इतके उतरवायचे, बचत इतकी वाढवायची, मुलाने इतके गुण मिळवायचे. क्षेमाचा रकाना मात्र त्यात बहुधा नसतो. आजीचे गुडघे गेल्या वर्षीइतकेच चालते राहिले, दुष्काळातही विहीर आटली नाही, भावाभावांत बोलणे सुटले नाही, या गोष्टी राखण्यात वर्षभराचे श्रम गेलेले असले तरी वर्षअखेरीच्या यादीत त्यांना खूण करायला जागा सापडत नाही.

याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. जुन्या मराठी हिशेबात कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची क्रमवार नोंद आणि खतावणी म्हणजे तीच नोंद खात्याखात्यांत वाटून मांडणे; ज्या कामाचे पैसे हातात पडत नाहीत ते कीर्दीतच येत नाही, मग खतावणीत कोठून येणार? भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. म्हणजे स्त्रियांचे रोजचे जवळजवळ पाच तास. बचत गटांनी या स्थितीत थोडा फरक पाडला असे म्हणता येते. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतल्यानंतर गावोगावच्या स्त्रियांच्या हाती त्यांच्या स्वतःच्या नावाची वही आली, आणि शेळी, शिलाई यंत्र किंवा मुलीची फी यांसाठी कर्ज कोणी घेतले व कोणी फेडले याची नोंद तीत होऊ लागली. घरातल्या पाच तासांची नोंद तीतही नाही.

या साऱ्याचे टोक ऊसतोड कुटुंबात दिसते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघणाऱ्या या घरांचे वर्ष गळीत हंगामाबरोबर सुरू होते. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. तोडलेल्या उसाच्या टनामागे मिळणारी मजुरी त्या उचलीत वळती होत जाते आणि कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा, म्हणजे दंडाची रक्कम, तिच्यात उलट चढवली जाते. उचल दिली जाते ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघांपैकी एकजणच असेल तर तो अर्धा कोयता ठरतो. म्हणजे महाराष्ट्रात जेथे स्त्रीचे श्रम हिशेबात निम्म्याने धरले जातात असे हे एक दुर्मीळ ठिकाण आहे, पण तेथेही व्यवहार ठरतो तो बहुधा पुरुषाशी आणि पैसे पडतात ते त्याच्याच हातात. पाळीत किंवा गरोदरपणात विश्रांती घेतली तर पडणाऱ्या खाड्याची धास्ती किती खोल आहे, याची चर्चा बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या निमित्ताने राज्यभर झाली, आणि २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली.

पाडव्याच्या आसपास पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचे गाळप थांबते, आणि बैलगाड्या व ट्रॅक्टर गावाकडे वळतात. मुकादमाच्या वहीत मजुरी एका बाजूला, उचल व खाडे दुसऱ्या बाजूला मांडले जातात. बाकी फिटली असेल तर ते कुटुंब मोकळे होते आणि नव्या उचलीची बोली करू शकते. फिटली नसेल तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या पानावर ओढली जाते, आणि त्या घराचे वर्ष संवत्सराचे नाव बदलले तरी बदलत नाही. शाळेतले मूल परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि बाईच्या वाट्याच्या अर्ध्या कोयत्याची बाकी नवऱ्याच्या नावाखालीच लिहिलेली असते.